चतकोर भाकरीचा कोन

मा. अध्यक्ष व सदस्य,
गणित विषय तज्ज्ञ समिती, बालभारती, पुणे
यांचे सेवेशी खुले पत्र

महाशय,

जुन्नर तालुक्याची पूर्व सरहद्द जेथे पारनेर तालुक्यास भिडते तेथे, कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून घाटाची वळणे चढून आले, की जे उघडे, वाऱ्याचे आणि पाण्याला कायमचे पारखे असे पठार लागते, त्या पठारावरील आणे गावचा मी रहिवासी. माझी सारी नोकरी भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘मोजणीवाला’ म्हणून, गेली. शिक्षणशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की नोकरीची सर्व वर्षे मी कोनांच्या संगतीत काढली, आणि आता निवृत्तीनंतर सहावीत शिकणाऱ्या नातीच्या संगतीत तोच विषय पुन्हा पहिल्यापासून शिकतो आहे. एवढ्या तुटपुंज्या अधिकारावर आपणांस हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत, व कोनाचे प्रकरण लिहिण्यासाठी आपल्यापैकी कोणाच्या तरी मेजावर कोरा कागद येणारच आहे; त्याआधी ही कैफियत आपल्या दप्तरी रुजू व्हावी, इतकाच हेतू.

झाले असे, की गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी नात कंपासपेटी उघडून ओसरीवर बसली होती. वहीत तिने दोन कोन काढले होते. एकाच्या भुजा बोटभर लांब, दुसऱ्याच्या वीतभर. कोनमापकाने मोजले तर दोन्ही चाळीस अंशांचे. मी सहज विचारले, “यातला मोठा कोणता?” तिने क्षणाचाही विलंब न लावता वीतभर भुजांच्या कोनावर बोट ठेवले. “अगं, पण तूच तर दोन्ही चाळीस लिहिलेस ना?” “हो आबा, पण हा मोठाच आहे की. दिसतोय ना.” त्या ‘दिसतोय ना’मध्ये, महाशय, सगळा घोटाळा आहे. कागदावर दिसतात त्या दोन रेषा, आणि रेषेचे जे मोठेपण डोळ्यांत भरते ते तिच्या लांबीचे. कोन मात्र रेषांत नसतोच. एक भुजा दुसरीवरून उचलून जेवढी फिरवली तेवढे ते फिरणे म्हणजे कोन, आणि फिरून झाल्यावर त्या फिरण्याची खूण कागदावर कोठेच उरत नाही. बैल गेल्यावर नुसती चाकोरी पाहून त्याच्या चालीचा वेग सांगावयाचा, तशातली ही गोष्ट आहे. पुढे तिने एकशेवीसचा कोन साठ म्हणून वाचला, कारण कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी उलटसुलट धावतात आणि कोणती ओळ घ्यावयाची हे ठरविण्यास ‘आपण कोठून फिरावयास निघालो’ हे ठाऊक असावे लागते. तिला कोणी फिरवलेच नव्हते.

त्या दिवशी मी वही मिटली आणि स्वयंपाकघरातून भाकरी मागवली. आमच्या गावी रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची यात्रा भरते आणि त्या यात्रेतील आमटी-भाकरीचा महाप्रसाद पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. आमटी मोठमोठ्या कढयांत एकत्र शिजते, भाकरी मात्र घरोघर थापून येतात. त्यामुळे कोणाची परातीएवढी, कोणाची हाताच्या पंजाएवढी, कोणाची जाड, कोणाची पापुद्र्यासारखी. पण वाढणाऱ्याने भाकरीची चतकोर मोडून दिली, की थोरल्या भाकरीची असो वा धाकट्या भाकरीची, तिचे टोक काटकोनाचेच असते. चतकोरीची चतकोरी सुटत नाही. आपल्या भाषेत अर्धी, चतकोर आणि चतकोरीची अर्धी ती नितकोर हे जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या ताटावर चालत आले आहेत, ते खरे पाहता एकशेऐंशी, नव्वद आणि पंचेचाळीस अंशांचेच व्यवहारातले पर्याय होत. नातीसमोर मी एक मोठी आणि एक लहान भाकरी ठेवली, दोहोंची चतकोर मोडली आणि टोकावर टोक ठेवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे भाकरी मोठी झाली, पण टोक नाही मोठं झालं.” कोन भुजांच्या लांबीवर अवलंबून नसतो हे वाक्य तिने वर्गात म्हटले असेलच, तरीही ते तिच्या मालकीचे झाले ते त्या संध्याकाळी.

येथे माझ्या धंद्याची थोडी हकीकत सांगणे प्राप्त आहे. ती विषयाला सोडून नाही. मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाच्या मोजणीची जी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात घालून दिली, तिच्यातील साखळी तेहतीस फुटांची होती व तिचे सोळा भाग असत. त्या भागांना म्हणत आणे. (आमच्या गावाच्या नावाशी याचा काही संबंध नाही, पण कचेरीत नवा साहेब आला, की ‘आण्याचा माणूस आणे मोजतो’ हा विनोद एकदा तरी करीच.) एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. मी नोकरीस लागलो तेव्हा साखळी मेट्रिक झालेली होती, परंतु पिवळ्या पडलेल्या जुन्या टिपणांतील आकडे साखळी-आण्यांतच होते व ते वाचता येणे हा आमच्या खात्यातील साक्षरतेचा पहिला दाखला समजला जाई. या साखळीचा सोबती म्हणजे शंकू. एका दांड्याच्या माथ्यावर लाकडी ठोकळा, त्या ठोकळ्यात एकमेकींस काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी, बस्स. मूळ रेषेवर शंकू रोवावयाचा, एका फटीतून रेषेचे टोक साधावयाचे, आणि दुसऱ्या फटीतून बांधाच्या कोपऱ्याचा दगड दिसेपर्यंत रेषेवर मागेपुढे सरकत राहावयाचे. दगड दिसला की तेथून लंब मोजून टिपणात नोंद करावयाची. वाकड्यातिकड्या शेतांची, नागमोडी बांधांची, भाऊबंदकीने चिरफाळलेल्या गटांची आकृती या एका काटकोनाच्या बळावर कागदावर उतरत असे. दुसरा कोणताही कोन मोजण्याची सोय त्या ठोकळ्यात नव्हती आणि तिची उणीवही भासली नाही.

निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत ईटीएस नावाचे विद्युत यंत्र आले, जे नुसते रोखताच अंश, कला आणि विकला, म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि त्या साठाव्याचाही साठावा भाग, काचेवर लिहून देई; आता तर उपग्रहांशी बोलणारे रोव्हर बांधाबांधावरून फिरतात. या यंत्रांविषयी माझ्या मनात लेशमात्र अढी नाही. एक गोष्ट तेवढी मी पाहिली आहे. शंकूवर काम केलेला माणूस ईटीएसच्या पडद्यावर चुकीचा आकडा आला तर तत्काळ थबकतो, कारण शेत कोणत्या बाजूला किती वळते याचा अदमास त्याच्या पायांत मुरलेला असतो. ज्याने पहिल्या दिवसापासून आकडाच पाहिला तो त्या आकड्याची नक्कल नकाशावर करतो आणि शेजारच्याचा गोठा या खातेदाराच्या हद्दीत येतो. मग तक्रार, मग फेरमोजणी, मग अपील. शाळेतील कोनाच्या शिक्षणास संगणकाची जोड देताना हाच धोका आहे, आणि संगणक टाळल्यानेही तो टळत नाही.

संगणक टाळावा असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. उलट, छापील पानाला जे एक काम कधीच करता आले नाही तेच काम पडदा सहज करतो, आणि ते काम म्हणजे फिरणे. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्याने २००१-०२ च्या सुमारास आपल्या प्रबंधासाठी जिओजेब्रा ही आज्ञावली रचली, जी आज शिक्षक व विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. ती एकदा उतरवून घेतली की तिला जाळ्याची, म्हणजे इंटरनेटची, गरज उरत नाही; आमच्यासारख्या, मोबाईलची रेंज चिंचेखाली सापडते आणि पायरीवर हरवते अशा गावी, हा गुण इतर सर्व गुणांवर मात करतो. नातीला मी मुलाच्या जुन्या टॅबवर ती उघडून दिली. दोन किरण काढले, एकाच्या टोकाला बोट लावून ती तो फिरवू लागली आणि शेजारी आकडा पळू लागला: बारा, सत्तावीस, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव. नव्वदपाशी थांबविण्याचा तिने आठ-दहा वेळा प्रयत्न केला, जमले तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघाले, “चतकोर!” भुजा ओढून लांब केली तरी आकडा हलेना, हेही तिने स्वतःच पाहिले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितले, की भाकरीची गोष्ट या यंत्रालाही ठाऊक आहे तर!

पुढे एक अपघात झाला, आणि त्याचे मोल मला शंभर पाठांहून अधिक वाटते. कोन मोजण्यासाठी तीन बिंदूंना क्रमाने बोट लावावे लागते आणि ही आज्ञावली पहिल्या बिंदूकडून तिसऱ्याकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरते. नातीने बिंदू उलट्या क्रमाने दाबले. साठ यावयाचे तेथे तीनशे आले. “आबा, हे बिघडलं.” मी म्हटले, “बिघडलं नाही. तू त्याला लांबच्या वाटेनं पाठवलंस.” मग अंगणात उभे राहून तिने उंबराकडे तोंड केले आणि गोठ्याकडे वळावयास सांगितल्यावर एकदा जवळून व एकदा पाठ फिरवून उलट्या बाजूने वळून पाहिले. दोन्ही वळणे मिळून एक पुरी गिरकी होते, तीनशेसाठ होतात, हे तिला चक्कर येईपर्यंत फिरल्यावर पटले. प्रविशाल कोन हा जडजंबाल शब्द पुस्तकात आल्यावर ती बिचकणार नाही, एवढी खात्री मला वाटते; लांबच्या वाटेचे नाव प्रविशाल, असे तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे.

कासवाची गोष्टही सांगितलीच पाहिजे. ज्या १९६७ साली जानेवारीच्या २७ तारखेस आपली बालभारती स्थापन झाली, त्याच वर्षी अमेरिकेत सीमूर पॅपर्ट, वॉली फ्युरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा तयार केली आणि थोड्याच काळात तिच्यात एक कासव आले. ‘पुढे शंभर’ म्हटले की कासव शंभर पावले पुढे जाते व मागे रेघ सोडते, ‘उजवीकडे नव्वद’ म्हटले की जागच्या जागी वळते. चौरस नातीने चुटकीसरशी काढला. मग समभुज त्रिकोण. त्याचे कोन साठ अंशांचे असतात हे ती पाठ करून बसलेली, म्हणून ‘पुढे शंभर, उजवीकडे साठ’ असे तीनदा सांगितले. कासव त्रिकोण करण्याचे सोडून अर्धवट षट्कोणाच्या वाटेला लागले. हे पाहून ती रुसली. मी तिला ओसरीवर खडूने त्रिकोण काढून दिला आणि कडेकडेने चालावयास सांगितले. कोपऱ्यावर पोचल्यावर तिच्या ध्यानात आले, की आपण साठ नव्हे, त्याहून कितीतरी जास्त वळलो. समोरच्या दिशेकडून नव्या दिशेकडे वळताना त्रिकोणाच्या आतला कोन वळावाच लागत नाही, बाहेरचा वळावा लागतो. एकशेवीस घालताच कासव मूळ जागी परतले. बाह्यकोनाचे हे रहस्य आमच्या वेळी केवळ प्रमेय म्हणून आले होते, ते या पोरीने पायांनी सिद्ध केले. आणि पायांना त्या वाटेवर धाडले ते पडद्यावरील कासवाच्या चुकीने. कोनाचे शिक्षण असे पडद्यावरून अंगणात आणि अंगणातून पडद्यावर येत-जात राहिले पाहिजे, हे माझे एकुलते एक म्हणणे आहे.

आता तक्रारीचा भाग. एका शाळेत (नाव, गाव, तालुका काहीच सांगत नाही; सांगून कोणाचे भले होणार नाही) मला पाहुणा म्हणून बोलावले होते. भिंतीवर सुरेख मोठा स्पर्श-फळा, कपाटात वीसेक टॅब. कोनाचा पाठ सुरू झाला. फळ्यावर चित्रफीत लागली, गोड आवाजात कोनाचे प्रकार सांगितले गेले, मुलांनी लघुकोन म्हणजे नव्वदपेक्षा कमी हे एका सुरात तीनदा म्हटले आणि फीत संपली. एकाही मुलाने काहीही फिरवले नाही. टॅबविषयी विचारता गुरुजींनी हळूच खुलासा केला, की डेडस्टॉक नोंदवहीत त्यांच्या नावे जमा आहेत, फुटला तर वसुली होईल, म्हणून कुलूप. त्या गुरुजींना मी दोष देत नाही. माझ्याही नावे सरकारी साखळी जमा होती आणि तिची एक कडी हरवली तेव्हा झोप कशी उडते हे मला ठाऊक आहे. पण चित्रफितीतला कोन हा पुस्तकातल्या कोनाइतकाच दुसऱ्याने काढून दिलेला कोन असतो. पडदा हलतो, मूल बसलेलेच राहते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग आपल्या वर्गात केला, पुढे तो कोड आपल्या पुस्तकांच्या पानापानांवर आला, आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले तेव्हा आम्हा खेडेगावच्या लोकांची छाती किती फुगली हे सांगावयास नको. माझी प्रार्थना एवढीच, की कोनाच्या प्रकरणातील तो काळा-पांढरा चौकोन उघडला असता मुलाच्या बोटाखाली फिरेल असे काहीतरी निघावे. तेही एकदा उतरवून घेतले की रेंजवाचून चालेल, जुन्या फोनवरही चालेल, आणि उत्तर दाखविण्याआधी मुलाला ‘तुझा अदमास किती?’ असे विचारल्याशिवाय पुढे सरकणार नाही. हा शेवटचा आग्रह मोजणीवाल्याचा आहे. नातीच्या वहीत मी दोन रकाने आखून दिले, अदमास आणि खरा. अदमासाचा रकाना भरल्याखेरीज टॅबला हात लावावयाचा नाही. पहिल्या दिवशी घाटातील एका वळणाला तिने वीस लिहिले आणि निघाले सत्तर. पाटीएवढ्या उताराला तिने चाळीस लिहिले आणि निघाले अकरा. महिन्याभराने तिचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी नांदू लागले. फोनला उतार मोजण्याची जी सोय असते ती आम्ही पन्हाळीच्या पत्र्यावर, शिडीवर, पडवीच्या वाशांवर आणि एकदा रात्री ध्रुवतारा रोखून त्याच्यावरही चालवली. तारा साधारण एकोणीस अंशांवर सापडला. आमच्या गावाचा अक्षांशही साधारण एकोणीसच आहे आणि हे दोन आकडे सारखे का यावेत, हा प्रश्न घेऊन ती चार दिवस माझ्या मागे लागली होती. पुस्तकात अशा एका प्रश्नाला जागा मिळाली, तर बाकीच्या स्वाध्यायातील दहा ओळी कमी झाल्या तरी चालतील, असे माझे अशास्त्रीय मत आहे.

आमच्या पठाराच्या पश्चिमेस खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. दिवंगत गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी दाटीवाटीने आणि सोळा तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. त्यांतील प्रत्येक तबकडी दोनच कोनांवर जगते: क्षितिजाच्या कडेने किती फिरली तो दिगंश, आणि क्षितिजापासून किती उचलली तो उन्नतांश. सुमारे सतरा अंशांपेक्षा खाली ती वाकत नाही. दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे शाळांचे प्रदर्शन भरते. या वर्षी नातीला घेऊन एस्टीने गेलो होतो. तबकडी हलते हे तिला कोणी सांगितले नव्हते. कुंपणाबाहेर उभे असता ती अवाढव्य जाळी कोणाच्या तरी हुकमाने, आवाज न करता, सावकाश कलू लागली. नातीने माझा हात सोडून पिशवीतून वही काढली आणि गुडघ्यावर ठेवून अदमासाच्या रकान्यात पंचावन्न लिहिले. आतील कर्मचारी गर्दीत गुंतले होते, विचारावयास कोणी सापडले नाही. त्या ओळीतला दुसरा रकाना अजून कोरा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक
मु. पो. आणे, ता. जुन्नर, जि. पुणे